नाश्त्याचा डबा घरचा, साखरेविना



वस्तीतली सकाळ चहाने सुरू होते. नाक्यावर कामासाठी उभे राहायला जाणारा माणूस, सफाईच्या पहिल्या पाळीला निघालेला कामगार, चार घरची धुणीभांडी करायला जाणारी बाई, शाळेची मुले, सगळ्यांच्या हातात कप असतो. कपाबरोबर पाव, खारी, बटर नाहीतर बिस्किटाचा पुडा. अलीकडे यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे: रंगीत खोक्यातले, दुधात टाकून खायचे सीरियल. टीव्हीवर मुले ते खाऊन पळताना दिसतात, खोक्यावर ‘पौष्टिक’ असे लिहिलेले असते, आणि कामावर जाण्याच्या घाईत आईलाही ते सोपे वाटते. पोराच्या हट्टापायी दहा-वीस रुपयांची पुडी घरात येते आणि पुढे तीच सवय होऊन बसते.

दुधात टाकून दोन मिनिटांत होणारा कोरडा नाश्ता ही कल्पना वाईट नाही. कामाच्या माणसाला ती सोयीचीच आहे. वाईट आहे ती त्यातली साखर आणि त्यातले मऊ, लवकर पचणारे पीठ. म्हणून या अंकात आम्ही तसाच कोरडा नाश्ता घरी, साखरेशिवाय आणि कमी कर्बोदकांचा कसा करायचा ते सांगणार आहोत. त्याला ओव्हन लागत नाही, बदाम-अक्रोड लागत नाहीत. कढई, तवा, मिक्सर आणि वाण्याकडचे सुटे सामान पुरते.

साखरेचा आजार आता श्रीमंतांचा राहिलेला नाही

मधुमेह म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. आज तसे म्हणता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13 कोटी 60 लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. यातली कितीतरी माणसे आपल्यासारख्याच वस्त्यांमध्ये राहतात.

मोठ्या पगाराच्या माणसाला मधुमेह झाला तर तो डॉक्टर बदलतो, तपासण्या करतो, सुट्टी घेतो. रोजंदारीच्या माणसाच्या पायाला जखम झाली आणि ती भरली नाही, तर आधी रोज बुडतो, मग काम जाते आणि पुढे कधी पायाचे बोट जाते, कधी पाय. मूत्रपिंड निकामी झाले तर आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला जावे लागते आणि सोबतीला घरातल्या आणखी एका माणसाचा रोज बुडतो. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे अशा वेळी आधी मोडतात.

यात दोष नुसता जिभेचा नाही. आपल्या ताटाकडे नीट पाहा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 नुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. ते धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. त्याने उपासमार थांबते, ही मोठी गोष्ट आहे आणि तो आपला हक्क आहे. पण डाळ, दाणे, अंडी, भाजी ही बाजारातून विकत घ्यावी लागतात. म्हणून गरिबाचे ताट भात आणि चपातीनेच भरते आणि चहातली साखर ही सगळ्यात स्वस्त ऊर्जा ठरते. पोट भरते, अंगाला लागणारी प्रथिने मात्र अपुरी राहतात. एकाच खोलीत आजीची साखर वाढलेली आणि नातू मात्र अशक्त, हे चित्र यातूनच तयार होते.

बाबासाहेबांना मधुमेह होता हे आपल्या सर्वांना माहीत आहे. मधुमेह, पायांच्या वेदना आणि रक्तदाब यांच्याशी झुंजत त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतले काम केले. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांची देखभाल करत होत्या. तरी 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच 6 डिसेंबरला बाबासाहेब आपल्यातून गेले. त्या काळी घरात बसून बोटाच्या एका थेंबावर साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. आज सरकारी दवाखान्यात सहज मिळणारी मेटफॉर्मिनची गोळीही तेव्हा रुग्णांपर्यंत पोचलेली नव्हती. आपल्याकडे आज या दोन्ही गोष्टी आहेत. त्या असूनही आपण शरीराकडे दुर्लक्ष करत असू, तर त्याचा विचार आपणच करायला हवा.

आधी खोके वाचायला शिका

शिका, या शब्दाचा अर्थ बाजारातही लागू होतो. पुडीच्या पुढच्या बाजूला काय छापले आहे ते सोडा, मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे पुडीवर 100 ग्रॅममागे एकूण साखर किती आणि वरून घातलेली साखर किती हे लिहावे लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. म्हणजे यादीत जे पहिले, ते सगळ्यात जास्त. पहिल्या तीन नावांत साखर असेल तर ती पुडी नाश्त्याची नव्हे, मिठाईची समजावी.

साखर नेहमी साखर याच नावाने येते असेही नाही. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, डेक्स्ट्रोज, मध, गुळाची पावडर ही सगळी तिचीच भावंडे. माल्टोडेक्स्ट्रिन हे चवीला फार गोड नसते, पण रक्तात साखर तितक्याच झपाट्याने चढवते.

एक हिशेब करून पाहू. समजा पुडीवर 100 ग्रॅममागे 30 ग्रॅम साखर लिहिली आहे. मुलाने 30 ग्रॅमची एक वाटी खाल्ली तर 9 ग्रॅम साखर पोटात गेली. म्हणजे चहाचे जवळजवळ दोन चमचे, दुधात वरून घातलेली साखर वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. 25 ग्रॅम म्हणजे पाच-सहा चमचे. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यावरच आपण ही चांगली मर्यादा ओलांडतो.

‘नो ॲडेड शुगर’ आणि ‘शुगर फ्री’ यांतही फरक आहे. पहिल्याचा अर्थ वरून साखर घातलेली नाही एवढाच. त्यात खजुराची, मनुकांची किंवा दुधाची साखर असू शकते. दुसऱ्यासाठी 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. पण शुगर फ्री बिस्किटातही मैदा असतोच, आणि मैद्याची शेवटी रक्तात साखरच होते.

कर्बोदके म्हणजे काय, आणि ती कशात किती

भात, पोहे, रवा, मैदा, बटाटा, साबुदाणा, गूळ, साखर या सगळ्यांत मुख्यतः कर्बोदके असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होऊन ती रक्तात उतरते. निरोगी आणि कष्टाच्या माणसाचे शरीर ती वापरून टाकते. मधुमेही माणसाच्या शरीराला ती पटकन वापरता येत नाही, म्हणून ती रक्तात साचते.

100 ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण 77 ग्रॅम कर्बोदके असतात, साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये 84 च्या आसपास. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटते की नाचणी, ज्वारी किंवा ओट्स खाल्ले की साखर वाढतच नाही. ही धान्ये पांढऱ्या पावापेक्षा निश्चित चांगली आहेत, त्यांत चोथा आहे, नाचणीत कॅल्शियम आहे. पण त्यांतही 100 ग्रॅममागे 65 ते 70 ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून त्यांना कमी कर्बोदकांचे म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजू पाहा. शेंगदाणे, तीळ, जवस (काही भागात अळशी म्हणतात), कारळे, सुके खोबरे, लाल भोपळ्याच्या बिया यांत कर्बोदके कमी आणि प्रथिने, तेल, चोथा जास्त. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. सोयाबीनच्या वडीत तर 50 ग्रॅमच्या वर. हे काही परदेशी अन्न नाही. जवसाची आणि कारळ्याची चटणी आपल्या आज्या भाकरीवर घालून खात होत्या. गावाकडून शहराच्या वस्तीत आलो तेव्हा भाकरीबरोबर ती चटणीही मागे राहिली. तीच आता डब्यात परत आणायची आहे.

पहिला प्रकार: दाण्या-बियांचा भरडा

वाण्याकडून वजन करूनच सामान आणा, म्हणजे घरी काटा लागणार नाही.

शेंगदाणे 200 ग्रॅम, सोयाबीनची बारीक वडी 100 ग्रॅम, जवस 100 ग्रॅम, सुके खोबरे 100 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम, सोललेल्या भोपळ्याच्या बिया 50 ग्रॅम, दालचिनीची पूड एक चमचा, चार-पाच वेलच्या, चिमूटभर मीठ.

भोपळ्याच्या बिया विकत आणायची गरज नाही. लाल भोपळ्याची भाजी कराल तेव्हा बिया फेकू नका. धुऊन दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, भाजा आणि सोला. नसल्या तर तेवढ्याच वजनाचे शेंगदाणे वाढवा.

आधी शेंगदाणे निवडा. काळे पडलेले, बुरशी आलेले, सुरकुतलेले, चवीला कडू लागणारे दाणे काढून टाका. बुरशी लागलेल्या दाण्यांत यकृताला घातक असे विष तयार होते आणि ते भाजून जात नाही. स्वस्तात मिळतात म्हणून खवट दाणे घेऊ नका.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, गार करून, साले पाखडून घ्या. सोयाबीनची वडी कोरडीच, मंद आचेवर, सात-आठ मिनिटे सतत हलवत भाजा. बोटाने दाबली की कुरकुरीत मोडली पाहिजे. जवस तडतडेपर्यंत भाजा. तीळ लवकर करपतात, रंग जरा बदलला की उतरवा. खोबरे किसून बदामी रंगावर भाजा.

सगळे पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मिक्सरला लावले तर तेल सुटून गोळा होतो. जवस वेगळा वाटून पूड करा. अख्खा जवस चावला जात नाही आणि तसाच पोटातून निघून जातो, म्हणून तो वाटणे महत्त्वाचे. शेंगदाणे, वडी आणि भोपळ्याच्या बिया मिक्सर थांबत-थांबत फिरवून जाडसर भरडा. पीठ करू नका, दाताखाली आले पाहिजे. मग सर्व एकत्र करून त्यात तीळ, खोबरे, दालचिनी, वेलचीपूड आणि मीठ मिसळा.

हे साधारण 600 ग्रॅम होते. एका वेळचे माप 40 ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे. 15 नाश्ते झाले. सामानाचे जे बिल झाले असेल त्याला 15 ने भागा आणि तो आकडा बिस्किटाच्या पुड्याशी नव्हे, वडापावाशी ताडून पाहा, कारण हा नाश्ता दुपारपर्यंत भूक धरून ठेवतो.

40 ग्रॅम भरड्यात कर्बोदके साधारण 6 ते 8 ग्रॅम, प्रथिने साधारण 10 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात, त्यावरून अंदाज येईल. तेवढ्याच वजनाच्या कॉर्नफ्लेक्समध्ये 33 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके जातात. भरड्यावर एक कप, म्हणजे 150 मिलिलिटर बिनसाखरेचे दूध घेतले तर दुधातली नैसर्गिक साखर सुमारे 7 ग्रॅम धरायची. दह्यात किंवा ताकात कालवला तरी चालतो. आमच्या जिभेला तर ताकातला भरडाच अधिक आवडला. त्यासाठी दालचिनी-वेलची न घालता भाजलेले जिरे, हिंग, तिखट आणि वरून कोथिंबीर घाला. गोड खाण्याची सवय मोडायला हा प्रकार सोपा पडतो.

दुसरा प्रकार: तव्यावरची कुरकुरीत पापडी

मुलांना आणि तरुणांना खोक्यातल्यासारखे कुरकुरीत तुकडे हवे असतात. तेही तव्यावर होतात.

भाजलेल्या जवसाची पूड एक वाटी, भाजलेल्या सोयाबीन वडीची बारीक पूड एक वाटी, तीळ दोन चमचे, दालचिनी अर्धा चमचा, चवीपुरते मीठ. यात थोडे-थोडे कोमट पाणी घालत गोळा मळा. सोयाबीन पाणी बरेच पिते, म्हणून अंदाज घेत घाला. जवसाला पाणी लागले की तो चिकट होतो, त्यामुळे मैदा किंवा कणीक घालावी लागत नाही. दहा मिनिटे झाकून ठेवा.

दुधाची धुतलेली पिशवी कापून तिला तेलाचा हात लावा. लिंबाएवढा गोळा त्यात ठेवून वरून दुसरी पिशवी घालून पातळ लाटा. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. भाकरीसारखी फुगणार नाही, घाबरू नका. खाली उतरवून नखाएवढे तुकडे करा आणि ते तुकडे परत कढईत दहा मिनिटे मंद आचेवर परतून कोरडे करा. गार झाले की कुरकुरीत होतात. हे तुकडे दुधात घाला किंवा पहिल्या भरड्यात मिसळा.

दोन्ही प्रकार स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि कोरडा चमचाच वापरा. जवसाची पूड लवकर खवट होते, म्हणून पंधरा दिवसांपुरतेच करा, पावसाळ्यात आठवड्यापुरते.

गोडीचे काय?

‘साखर नको तर गूळ घालू का?’ हा पहिला प्रश्न असतो. नाही. गूळ, मध, खजूर, काकवी यांत साखरच असते आणि मधुमेही माणसाच्या रक्तात ती साखरेसारखीच चढते. गुळात लोह आहे म्हणून चार खडे खाणे परवडणारे नाही.

गोड गोळ्या आणि थेंब यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले की वजन ताब्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू केलेला नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पण जिभेला गोडच लागते ही सवय त्या गोळ्यांनी जात नाही. वेलची, दालचिनी, बडीशेप आणि भाजलेले खोबरे यांना स्वतःची गोडसर चव आहे. पहिले आठ-दहा दिवस नाश्ता फिका लागेल. चहातलीही साखर एकदम बंद होत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ ऐकते, तिला वेळ द्यावा लागतो.

मात्रा: राजा पसेनदीची गोष्ट

हा भरडा पौष्टिक आहे म्हणून मुठी भरून खायचा नाही. दाणे आणि बिया यांत तेल असते. 40 ग्रॅममध्ये 200 ते 220 कॅलरी जातात. येता-जाता डब्यात हात घातला तर साखर वाढणार नाही कदाचित, पण वजन वाढेल.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो एका वेळी द्रोणभर भात खात असे. तसाच भरपेट जेवून, धापा टाकत तो तथागतांच्या भेटीला आला. तथागतांनी त्याला उपवास करायला सांगितले नाही, कोणते व्रत दिले नाही. जो सावधपणे आणि मात्रा जाणून जेवतो त्याचे दुखणे कमी होते, अशा अर्थाचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायला सांगितले. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

आपल्या घरात सुदस्सन कोण? डब्यात एक ठरावीक मोठा चमचा ठेवा आणि चार चमचे मोजून घेण्याचे काम शाळेत जाणाऱ्या नातवाला किंवा नातीला द्या. आजोबांनी पाचव्यासाठी हात पुढे केला की ती टोकेल.

कोणी सांभाळून खावे

इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना सांगावे. नाश्त्यातली कर्बोदके एकदम कमी केली आणि औषध तेवढेच ठेवले तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तिची लक्षणे. तशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी परत तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तरी कर्बोदके फार कमी करण्यापूर्वी विचारणे आवश्यक आहे.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा नाश्ता डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये, कारण त्यात प्रथिने आणि क्षार भरपूर आहेत. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती घेतल्यावर लगेच सोयाबीन खाऊ नये, किती अंतर ठेवायचे ते विचारून घ्यावे. हृदयविकार असेल तर खोबरे वगळून त्याजागी तीळ घ्या. गरोदर बाईने आपल्या मनाने कर्बोदके कमी करू नयेत. चोथा वाढला की पाणीही वाढवावे, नाहीतर पोट फुगते. सुरुवात दोन चमच्यांनी करा.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. हा नाश्ता औषध नाही. याने गोळ्या बंद होत नाहीत. ‘मधुमेह मुळापासून घालवतो’ असे सांगून चूर्ण आणि काढे विकणारे लोक वस्तीत येतात, त्यांना उंबरठ्यावरूनच परत पाठवा.

मुलांचे ताट वेगळे

आजीसाठी केलेला कमी कर्बोदकांचा नियम नातवाला लावू नका. वाढत्या आणि अशक्त मुलाला कर्बोदके हवीतच. पण डबा तोच वापरता येतो. मुलाच्या नाचणीच्या खिरीत, कुस्करलेल्या केळ्यात किंवा चपातीच्या कुस्करात दोन चमचे भरडा घाला. त्याला साखरेच्या सीरियलपेक्षा कितीतरी जास्त प्रथिने मिळतील. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, त्याच्यासाठी बारीक पूड करा. शेंगदाणे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे असे झाले तर ते बंद करून डॉक्टरांकडे न्या.

तसेच, दिवसभर डोक्यावर ओझे वाहणाऱ्या निरोगी माणसाने भाकरी सोडावी असेही आम्ही म्हणत नाही. त्याने भाकरीबरोबर हा भरडा चटणीसारखा घ्यावा आणि चहातली साखर कमी करावी.

आमच्यावरही विश्वास ठेवू नका, मोजून पाहा

तथागतांनी कालामांना सांगितले होते की कोणी सांगितले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. मधुमेहाच्या बाबतीत पारखणे सोपे आहे. एका दिवशी नेहमीचे पोहे किंवा चहा-पाव खा. खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर मोजा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाजता भरडा खा आणि तसेच मोजा. चार आकडे वहीत लिहा. वाढ कशात जास्त झाली ते तुम्हालाच दिसेल, आणि ती वही डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. यंत्र प्रत्येक घरात असायची गरज नाही, गल्लीत मिळून एक घेता येते. सुई मात्र प्रत्येकाची आणि प्रत्येक वेळी नवी.

ज्यांनी कधीच तपासले नाही त्यांनी आधी तपासावे. 30 वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याची योजना आहे. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त असेल तर मधुमेहाची शक्यता, 100 ते 125 असेल तर उंबरठा. निदान मात्र एका आकड्यावर नाही, डॉक्टरांकडून पक्के करून घ्या.

विहारात मिळून करा

एकट्या बाईला पाच-सहा जिन्नस आणून भाजत बसणे जड जाते. म्हणून हे काम महिला मंडळाने विहारात मिळून करावे असे आम्हाला वाटते. रविवारच्या वंदनेनंतर दहा घरांनी वर्गणी काढली, सामान ठोक भावात आणले, दोघींनी निवडले, दोघींनी भाजले आणि तरुण मुलांनी मिक्सर चालवला, तर दुपारपर्यंत दहा डबे भरतील. भाजण्याचे काम बायकांचेच, असे कुठे लिहिलेले नाही, पुरुषांनीही कढईसमोर बसावे. वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला आपण जमतोच. त्या तीन महिन्यांत प्रत्येक पौर्णिमेला ज्येष्ठांची साखर मोजून वहीत लिहिली, तर आश्विन पौर्णिमेला आपल्या विहाराकडे स्वतःचा हिशेब तयार असेल.

बुद्ध पौर्णिमेची खीर बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. सुजातेच्या खिरीची ती आठवण आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांना द्रोणाऐवजी दोन चमचे द्यावी, आणि शेजारी भरड्याच्या ताकाचे पातेलेही ठेवावे. 14 एप्रिलच्या सरबताच्या टेबलावर बिनसाखरेचे लिंबूपाणीही असावे.

6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे निघताना आपली माणसे रात्र-रात्र गाडीत असतात. वाटेत मिळेल ते खातात, गोळी चुकते, साखर वर-खाली होते. या वेळी पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्या, साखरेची एक लहान पुडी आणि भरड्याची डबी ठेवा. भरड्याला आच लागत नाही, दोन दिवस काही होत नाही, रांगेत उभ्या-उभ्या खाता येतो. बाबासाहेबांना अभिवादन करायला जाणारा माणूस धडधाकट घरी परतला पाहिजे, आणि पुढच्या वर्षीही आपल्या पायांनी चालत गेला पाहिजे.

जयभीम, नमो बुद्धाय.